झाकणावरच्या दोन ओळी

पियानोच्या पॉलिशचं काम माझ्याकडे आलं तेव्हा अण्णासाहेबांना जाऊन तीन महिने झाले होते. साल दोन हजार चार. दसरा झाला होता आणि ताम्हिणीच्या अंगाने येणारा वारा कोरडा व्हायला लागला होता. लाखेच्या पॉलिशला असाच वारा लागतो. आमच्या मुळशीत आषाढ-श्रावणात हे काम करूच नये. हवेतलं पाणी पॉलिशखाली अडकतं आणि लाकडावर कोड फुटल्यासारखे पांढरे डाग उठतात. दिवाळीच्या आधी सुरू करावं आणि होळीला डबे बंद करून ठेवावेत, अशी माझी चाळीस वर्षांची रीत.

पियानो होता रजनीबाईंचा. रजनीबाई म्हणजे अण्णासाहेबांच्या बायको. अण्णासाहेब मुंबईत एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते. नोकरी संपल्यावर त्यांनी धरणाच्या पाण्याच्या कडेला, आमच्या गावाच्या वरच्या अंगाला बंगला बांधला, आणि ट्रकमधून हा पियानो आला. छातीइतका उंच, कपाटासारखा भिंतीला लावून ठेवायचा. पुढे पट्ट्यांचा भाग बाहेर आलेला आणि वर सपाट झाकण. उतरवायला आम्ही आठ जण लागलो. बाई संध्याकाळी वाजवायच्या तेव्हा खालच्या रस्त्यापर्यंत ऐकू यायचं. त्यांना मूलबाळ नव्हतं. त्या गेल्यावर पट्ट्यांचं फळकूट बंद झालं ते झालंच.

पुढे अण्णासाहेबांनी पियानोचं टेबल केलं. त्यांना पाठीचं दुखणं होतं. खुर्चीत बसून लिहायला घेतलं की कळा यायच्या. म्हणून ते पियानोपुढे उभे राहायचे, पोट पुढच्या फळीला टेकवायचे, कोपरं वरच्या झाकणावर ठेवायचे आणि लिहायचे. कागदाखाली नेहमी एक जाड पुठ्ठा असायचा. बाईंच्या पियानोला ओरखडा पडलेला त्यांना खपायचा नाही.

हे मला माहीत होतं, कारण माझी धाकटी बहीण लीला त्या घरात बावीस वर्षं कामाला होती. नवरा गेल्यावर ती तिथे गेली. बंगल्याच्या आवारात, ओढ्याच्या बाजूला दोन खोल्यांचं कौलारू घर तिला राहायला दिलं होतं. पुढे रजनीबाईंचं आजारपण तिनेच काढलं आणि मग अण्णासाहेबांचंही. तिचा मुलगा माऊली जांब्याला एका कंपनीच्या गेटवर वॉचमन आहे. एका खोलीत तिघं राहतात. तिथे तिला जागा नव्हती. माझ्या घरात होती, पण तिला यायचं नव्हतं. ती म्हणायची, माझं घर हाय.

ते घर तिचं आहे की नाही, यावरूनच सगळं झालं.

लीलाचं सांगणं असं. आषाढात अण्णासाहेबांच्या छातीत कफ झाला. त्यांना वाकता येईना, म्हणून ती उकळत्या पाण्याचं पातेलं पियानोच्या झाकणावर ठेवायची आणि ते उभ्यानेच डोक्यावर पंचा घेऊन वाफ घ्यायचे. जायच्या चार दिवस आधी असाच वाफारा घेतल्यावर त्यांनी कागद-पेन मागितलं. ती मागून कमरेला धरून उभी राहिली आणि त्यांनी तिथेच लिहिलं. हे घर आणि घराखालची तीन गुंठे जमीन लीलाबाईची, असं लिहून तिला वाचून दाखवलं. पाऊस उघडला की पौडच्या कचेरीत जाऊन पक्कं करू म्हणाले. कागद घडी करून स्वतःच कुठेतरी ठेवला. कुठे, ते तिने विचारलं नाही. चार दिवसांनी ते गेले.

आमच्याकडे माणूस ज्या अंथरुणावर जातं ते अंथरूण घरात ठेवत नाहीत. गादी, उशी, पांघरूण नदीच्या काठाला नेऊन जाळतात. उशी लीलानेच डोक्यावरून नेली. कागद त्या उशीत होता, की कपाटात होता आणि कुणी काढला, हे आजही कुणाला माहीत नाही. मिळाला नाही एवढं खरं.

अण्णासाहेबांचा वारस म्हणजे पुतण्या, दिग्विजय. हिंजवडीत कॉम्प्युटरची नोकरी, सूसला फ्लॅट. लहानपणी मेच्या सुट्टीत यायचा तेव्हा लीलाच्या हातची भाकरी खायचा. वाईट माणूस नाही. त्याने सगळी कपाटं शोधली, बँकेचा लॉकर शोधला. मग गावात देवळाच्या पायरीवर बैठक बसली. सरपंच हैबतराव मध्ये होते. दिग्विजय उभा राहून म्हणाला, की काकांच्या हातचं एक अक्षर दाखवा, मी घर सोडतो. नुसत्या बोलण्यावर कसं सोडू? बंगला आणि सगळं आवार त्याला जानेवारीत विकायचं होतं.

लीलाने पुन्हा सगळं सांगितलं. लोक ऐकून घेत होते, पण बायका एकमेकींकडे बघत होत्या. एक जण म्हणाला, म्हातारपणी बायांना असं घर दिसायला लागतं. चार जण हसले. मी सगळ्यात मोठा भाऊ, मी खाली मान घालून बसलो होतो. घरी येताना मी तिला म्हणालो, झालं गेलं सोड, माझ्याकडे ये.

ती थांबली. म्हणाली, "तूबी?"

मग गावाच्या वेशीपर्यंत ती माझ्या पुढे चालत गेली आणि मागे वळून बघितलं नाही.

आता माझ्याबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी शाळेत गेलो नाही. पुण्याला भवानी पेठेत एका उस्तादाकडे पॉलिश शिकलो, तिथे अक्षरांचं काही काम नव्हतं. स्पिरिट वासाने ओळखायचं, पॉलिश पेपर अंगठ्याने. सत्तावन्नाव्या वर्षी गावच्या शाळेच्या ओट्यावर मोठ्या माणसांचा वर्ग सुरू झाला आणि मी जाऊन बसलो. दोन वर्षं लागली. पहिल्यांदा वाचलं ते चपड्याच्या, म्हणजे पॉलिशच्या लाखेच्या, डब्यावरचं नाव. त्यानंतर जे दिसेल ते वाचत सुटलो. एसटीची पाटी, औषधाची बाटली, किराण्याची पुडी. रोज सकाळी वर्तमानपत्र घेऊन लीलाच्या ओट्यावर जायचो आणि तिला मोठ्याने वाचून दाखवायचो. तिला लिहिता-वाचता येत नाही. ती भाकरी थापता थापता ऐकायची आणि मध्येच म्हणायची, "दादा, जरा भरभर वाच, तवर भाकर करपती." पण मी चार दिवस गेलो नाही की बोलवणं पाठवायची.

देवळातल्या बैठकीनंतर बोलवणं आलं नाही.

दसऱ्यानंतर दिग्विजय माझ्याकडे आला. त्याच्या मुलीला, किमयाला, पियानो शिकायचा होता. तो सूसच्या फ्लॅटवर न्यायचा होता, पण वरचं झाकण पार खराब झालं होतं. पुण्यातला माणूस म्हणाला, लाखेचं काम आता कुणी करत नाही, सगळं खरवडून मशीनने रंग मारू. दिग्विजयची बायको जान्हवी म्हणाली, मग त्याचं जुनेपण गेलं. म्हणून माझ्याकडे.

मी होकार दिला आणि लागणाऱ्या सामानाची यादी त्याच्यासमोर लिहिली. चपडा, स्पिरिट, जवसाचं तेल, कापूस, तीन नंबरांचे पेपर. लिहून मोठ्याने वाचून दाखवली, खाली सही केली. एवढी गरज नव्हती. पण दिग्विजयने मला अंगठा उठवताना पाहिलेलं होतं, आणि मला ते पुसून काढायचं होतं. तो म्हणाला, "वा मामा, अक्षर छान आहे तुमचं." मला बरं वाटलं.

मग मी माझं बोललो. लीलाला निदान संक्रांतीपर्यंत राहू दे. आणि काम मनासारखं झालं तर त्या घराचा पुन्हा एकदा विचार कर.

तो म्हणाला, "संक्रांतीपर्यंत नक्की. बाकीचं काम झाल्यावर बोलू."

एवढ्या बोलण्यावर मी कामाला लागलो. चाळीस वर्षांत केलं नाही असं काम करायचं ठरवलं.

पहिले तीन दिवस बाजू आणि पुढची फळी केली. चौथ्या दिवशी झाकणाला हात घातला. झाकणाची दशा वाईट होती. मधोमध पातेल्याचं ताटाएवढं पांढरं वर्तुळ, कडेने औषधाच्या बाटल्यांची लहान वर्तुळं, मेणाचे ठिपके. वाफेने जुनं पॉलिश मऊ होऊन खालचं लाकूडही नरम पडलं होतं. त्यावर हात फिरवला की बारीक खाचा लागत होत्या.

खोलीला एकच मोठी खिडकी होती आणि ती पियानोच्या मागच्या भिंतीला. म्हणून मी पियानो भिंतीपासून ओढून घेतला आणि खिडकीकडे पाठ करून, पियानोच्या मागच्या बाजूला उभा राहिलो. उजेड माझ्या खांद्यावरून लाकडावर पडत होता. आता मला ते खाचांचं जाळं नीट दिसलं. बॉलपेनाने गिरगटल्यासारखं. अशा खाचा मी शेकड्याने पाहिल्या आहेत. डायनिंग टेबलावर पोरं अभ्यास करतात, शाळेच्या बाकावर काहीबाही कोरतात. त्याला आम्ही दाब म्हणतो. दाब घासून जात नाही, घासलं तर लाकूड खड्ड्यात जातं. त्याला वर उचलावं लागतं. आधी स्पिरिटने जुनं पॉलिश काढायचं, काचेच्या तुकड्याने खरवडायचं, मग ओलं फडकं अंथरून त्यावर तापलेली इस्त्री ठेवायची. वाफ लाकडात शिरते, दबलेला भाग फुगून वर येतो, आणि खाच होती हे सांगूनही खरं वाटत नाही.

उस्तादांची शिकवण अशी, की सगळं झाकण एकदम ओलं करायचं नाही. लाकूड वाकतं. चार बोटांचा एक पट्टा घ्यायचा, तो पुरता संपवायचा, मग दुसरा. मी माझ्या बाजूच्या कडेपासून सुरुवात केली. पहिला पट्टा काढला, दाब उचलला, पेपर मारला. दुसरा काढला. लाकूड छान निघत होतं, आतून तांबूस, रेषा सरळ. दुसऱ्या पट्ट्यात एक खाच फार खोल होती, तीन वेळा इस्त्री ठेवावी लागली. ती गेली तेव्हा मी स्वतःशीच मान हलवली. तिसरा पट्टाही झाला. लीलासाठी करतोय हे डोक्यात होतं, म्हणून एकही खूण मागे सोडत नव्हतो.

दुपारी लीला भाकरी घेऊन आली. बैठकीनंतर पहिल्यांदाच. मी तिच्या घरासाठी दिग्विजयशी बोललोय हे तिला माऊलीकडून कळलं असणार. तिने फडक्यात बांधलेली भाकरी खिडकीत ठेवली आणि पियानोच्या पुढच्या बाजूला जाऊन उभी राहिली. एवढ्या वर्षांत तिने तो रोज पुसला होता. झाकणाच्या कडेवरून तिने हात फिरवला.

"हितंच उभं व्हते," ती म्हणाली. "म्या मागनं धरलं व्हतं. पुठ्ठा भिजंल म्हनून म्याच बाजूला ठिवला व्हता त्या दिवशी. तसाच लाकडावर कागद ठिवून लिवलं त्यांनी. लई दाबून लिवत व्हते, हात कापत व्हता ना."

ही गोष्ट मी तिच्या तोंडून दहा वेळा ऐकली होती. पुठ्ठ्याचंसुद्धा ती आधी बोलली असेल. मी ऐकलं नव्हतं. माझ्या हातात पाण्याचं फडकं होतं. चौथ्या पट्ट्यावर ठेवायला मी ते पिळत होतो.

मी फडकं बादलीत टाकलं आणि पियानोला वळसा घालून तिच्या शेजारी जाऊन उभा राहिलो.

तिथून उजेड समोरून येत होता. झाकणाच्या पुढच्या कडेला, मी अजून हात न लावलेल्या भागात, दोन ओळी होत्या. सुलट. मागच्या बाजूने उभं राहून मी त्या सकाळपासून उलट्या बघत होतो. जे लोक लहानपणी शिकतात त्यांना उलटं अक्षरही अक्षरच दिसत असेल. मला ते लाकडाचं नुकसान दिसलं. चाळीस वर्षं तेवढंच दिसत आलं होतं.

मी बोट ठेवून वाचलं, जसा वर्गात वाचायचो तसं. एकेक अक्षर. "तिचंच राहील. यात कोणीही हरकत घेऊ नये." त्याखाली सही, अण्णासाहेबांची, शेवटचं अक्षर लांब ओढलेली.

त्याच्या वर काही नव्हतं. तीन पट्टे, स्वच्छ, तांबूस, हाताला रेशमासारखे.

लीलाने विचारलं काय दिसलं. मी म्हणालो, काही नाही, दाब बघतोय किती खोल आहे. तिने भाकरी खाऊन घे म्हणून सांगितलं आणि गेली. भाकरी तशीच राहिली. मी त्या तीन पट्ट्यांवर स्पिरिट लावून बघितलं, कारण ओल्या लाकडात कधीकधी गेलेली खूण दिसते. टेबलाचा दिवा आडवा धरून बघितलं. खडूची भुकटी चोळून बघितलं. माझं काम चांगलं झालं होतं. काहीही उरलं नव्हतं.

संध्याकाळी सात वाजता दिग्विजय आला. रोज कामावरून सुटला की चक्कर मारायचा. मी त्याला झाकणापुढे उभं केलं आणि दिवा तिरका धरला. तो वाकून बराच वेळ बघत राहिला.

"अक्षर काकांचं आहे," तो म्हणाला. मग सरळ उभा राहिला. "पण हे आहे कशातलं?"

"लीलाच्या कागदातलं."

"तिचं नाव कुठंय?"

"वर आसंल."

"वर कुठं?" त्याने मोकळ्या लाकडावर तळवा फिरवला.

"म्या काढलं. उलट्या बाजूनं बघत व्हतो. मला कळलं न्हाई."

 मी त्याला पुठ्ठ्याचं सांगितलं, वाफेचं सांगितलं. तो म्हणाला, काका वीस वर्षं इथेच लिहायचे, हे कुठल्याही पत्रातलं असू शकतं. पुठ्ठा नव्हता हे कोण म्हणतं? मी म्हणालो, लीला म्हणते. 

मी म्हणालो, "देवळात तुमी म्हनाला व्हता. काकांच्या हातचं एक अक्षर दाखवा."

"म्हणालो होतो." त्याने चष्मा काढून पुसला. "मामा, राग मानू नका. तुम्ही मला यादी लिहून दिलीत. सही केलीत. गावात सगळ्यांना माहितेय तुम्ही लिहायला शिकलात. बहीण तुमची आहे. चार दिवस तुम्ही या खोलीत एकटे आहात, हातात हत्यारं आहेत. मी हे वकिलाला दाखवलं, घेणाऱ्याला दाखवलं, तर ते पहिलं काय विचारतील?"

"माझं अक्षर आसं वळनाचं न्हाई."

"ते मला कळतंय," तो म्हणाला.

मला वाटलं तो पुढे काही बोलेल. त्याच्याही मनात काही चाललं होतं, चेहऱ्यावर दिसत होतं. पण जानेवारीचा व्यवहार ठरलेला होता आणि घरी बायको-मुलगी पियानोची वाट बघत होती. तो म्हणाला, संक्रांतीपर्यंत ती राहू दे, तो शब्द मी मोडणार नाही. झाकण रविवारपर्यंत पूर्ण करा. दारात जाऊन थांबला, मागे वळून म्हणाला, "सगळं असतं ना मामा, तर मी दिलं असतं."

मला ते खरं वाटतं. आजही वाटतं. त्यामुळेच ते सहन होत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लीलाला बोलावून आणलं. न सांगता राहता आलं असतं. तिला वाचता येत नाही, तिला कधीच कळलं नसतं. पण त्या झाकणाला पुन्हा हात लावायचा माझा धीर होईना. मी तिला पुढच्या बाजूला उभं केलं, तिचं बोट धरून खाचांवर ठेवलं आणि ओळीवरून पुढे नेत वाचलं. "तिचंच राहील. यात कोणीही हरकत घेऊ नये."

"व्हय," ती म्हणाली. "शेवटाला आसंच म्हनले व्हते." तिचं तोंड उजळलं होतं. मग तिने बोट आपणहून वर सरकवलं. वर खाच नव्हती. बोट तसंच इकडे तिकडे फिरत राहिलं.

"आन हितं?"

"हितं म्या इस्त्री फिरवली, लीला."

"कवा?"

"काल. तू भाकर आनायच्या आधी."

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. ती झाकणाकडे बघत होती. मग तिने दुसऱ्या पट्ट्यात, मधोमध, एका जागी बोट टेकवलं.

"माझं नाव हितं व्हतं," ती म्हणाली. "त्यांनी दावलं व्हतं मला बोट ठिवून. ही बघ, ही तू, म्हनले. पेन लई दाबलं व्हतं तितं."

तीच ती खाच. तीन वेळा इस्त्री ठेवली होती ती.

मी म्हणालो की मला ओळखू आलं नाही. उलटं होतं. ती म्हणाली, "तू तर वाचतोस."

एवढंच म्हणाली. टोमणा नव्हता त्यात. तिला खरंच कळत नव्हतं. तिला वाटायचं, वाचता येणाऱ्याला कुठूनही, कसंही वाचता येतं. मीच तसं वाटू दिलं होतं, रोज सकाळी तिच्या ओट्यावर बसून.

दिग्विजय काय म्हणाला तेही मी तिला सांगितलं. सगळं, माझ्यावर संशय येईल म्हणाला तेही. ती ऐकत उभी राहिली. बाहेर ओढ्याकडे कुणाची तरी म्हैस ओरडत होती. मग ती म्हणाली, "मग ह्येबी काढ."

मी म्हणालो, राहू दे, वरून नुसतं पॉलिश घेतो, खाली दोन ओळी राहतील. कुणाला कळणार नाहीत.

"न्हाई. त्येंच्या घरात जायचा हाय तो. तितं माझं काय बी ऱ्हायला नगं."

मी पुन्हा म्हणालो, सही तरी राहू दे. तिने पदर खोचला, बादलीतलं फडकं घेतलं, पिळलं आणि स्वतःच्या हाताने त्या दोन ओळींवर अंथरलं. कडा सरळ केल्या, सुरकुत्या काढल्या, जशी चादर घालतात. मग माझ्याकडे बघत उभी राहिली.

मी इस्त्री ठेवली. पाण्याचा चर्रर आवाज झाला, वाफ आली. उचललं तेव्हा खाचा निम्म्या भरल्या होत्या. पुन्हा ठेवली. सहीचं लांब ओढलेलं शेवटचं अक्षर सगळ्यात शेवटी गेलं. ती तोपर्यंत तिथे होती. मग तिने फडकं धुतलं, खिडकीत वाळत घातलं आणि कामाला गेली. बंगल्यातली झाडलोट ती अजून करत होती. कुणी बंद कर म्हटलं नव्हतं.

पॉलिश रविवारी पूर्ण झालं. चपड्याचे अठरा हात दिले. कापसाचा बोळा, तेलाचा एक थेंब, गोल गोल, मग सरळ. त्या झाकणात खिडकीची जाळी मोजता यायची. माझ्या हातून एवढं चांगलं काम आधी झालं नव्हतं, आणि नंतर मी काम केलं नाही. टेम्पोत चढवायला सहा जण आले होते. मी हात लावला नाही.

संक्रांत झाली आणि दुसऱ्या दिवशी लीला दोन ट्रंका आणि तुळशीची कुंडी घेऊन माझ्या घरी आली. दिग्विजयने दिलेला शब्द पाळला, ती त्या दिवसापर्यंत राहिली. फेब्रुवारीत जेसीबीने ते कौलारू घर पाडलं. आता तिथे आवाराची दगडी भिंत आहे आणि फाटकावर कुत्र्यापासून सावध राहा अशी पाटी आहे. गावात कुणी तिला खोटी म्हणालेलं नंतर ऐकलं नाही, पण खरी आहे असंही कुणी म्हटलं नाही. मी हैबतरावांना सगळं सांगितलं होतं. ते म्हणाले, कोंडिबा, आता उकरून काय उपयोग.

दोन वर्षांनी दिग्विजय पौडच्या बाजारात भेटला. गाडीतून उतरून पाया पडला. म्हणाला, पियानो बघायला लोक येतात मामा, झाकण अगदी आरशासारखं आहे, जान्हवी कुणाला त्यावर कप ठेवू देत नाही. लीलाबाई कशा आहेत, विचारलं. बरी आहे म्हणालो.

ती बरीच आहे. माझ्या घरात पाच वर्षं झाली. भाकरी करते, माझ्या बायकोशी गप्पा मारते, माझ्याशीही नीट बोलते. त्या झाकणाचं नाव तिने पुन्हा काढलं नाही. वर्तमानपत्र अजून येतं. पहिल्या दिवशी मी ओट्यावर बसून नेहमीसारखं मोठ्याने वाचायला लागलो, तेव्हा ती परात खाली ठेवून उठली, खराटा घेतला आणि परसात गेली. दुसऱ्या दिवशीही तसंच. आता मी मनातल्या मनात वाचतो. तरीसुद्धा पेपरची घडी उलगडल्याचा आवाज झाला की ती उठते. परसात झाडायला काही उरलेलं नसतं, तरी खराट्याचा आवाज येत राहतो. मी पेपर मिटून ठेवला की तो थांबतो.